जुना डेस्कटॉप दमला, घरातले फोटो-व्हिडिओ सगळे एका जागी आणायचेत, काय घेऊ?

केबलगुंता

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज विचारतेच. नाशिकला घरी एक जुना डेस्कटॉप आहे, दुसऱ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, १ टीबीची डिस्क. त्यावर उबुंटू टाकून जेलीफिन (घरचा मीडिया सर्व्हर) चालवते आणि आईबाबा हॉलमधल्या टीव्हीवर त्यातून जुनी नाटकं, सिनेमे बघतात. आत्तापर्यंत मस्त चाललं होतं पण भावाने त्याच्या नव्या फोनवर काढलेले ४के व्हिडिओ लावले की दोन सेकंद चालतं आणि मग ते गोल फिरत बसतं, आणि पंखा असा ओरडतो की बाबा आतून विचारतात मिक्सर लावलायस का.

बाकीचा पसारा सांगते. दोन एक्सटर्नल हार्डडिस्क, त्यातली एक हल्ली लावली की टकटक करते. आईचा फोन कायम फुल्ल, गुगलचे १५ जीबी कधीच संपले, २०२१ मध्ये त्यांनी फुकट अनलिमिटेड बंद केल्यापासून आमच्याकडे रोज "काय डिलीट करू गं" हा कार्यक्रम असतो. भाऊ पुण्याला, त्याच्या लॅपटॉपवर वेगळंच. शिवाय बाबांच्या कपाटात व्हीएचएस आणि मिनीडीव्हीच्या कॅसेट, लग्नं, मुंजी, आजोबांची पंचाहत्तरी. सगळं मिळून अंदाजे ३ टीबी धरा.

स्वप्न असं आहे की घरात एकच जागा असावी, सगळ्यांचे फोन आपोआप तिथे रिकामे व्हावेत, टीव्हीवर सगळं दिसावं आणि आईला रिमोटने जमावं. बजेट चाळीस हजारापर्यंत ओढूनताणून. लॅमिंग्टन रोडवरच्या एकाने जुना झिऑनवाला सर्व्हर सुचवलाय, ६४ जीबी रॅम आहे म्हणतो, ऐकून लाळ सुटली खरी. घेऊ का? का ग्राफिक्स कार्ड टाकू आहे त्यातच?

हार्डडिस्कवाला

झिऑन घेऊ नका. सर्व्हर हा शब्द ऐकून सगळेच तिथे घसरतात पण तुमच्या कामाला ६४ जीबी रॅम काय करायचीय. ते जुने ई५ झिऑन असतात ना, त्यांच्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, म्हणजे व्हिडिओ ट्रान्सकोडिंगला, म्हणजे चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला, जी सगळ्यात उपयोगाची गोष्ट, इंटेलचं क्विक सिंक, तीच नाही. वर तो नुसता बसून शंभर वॅट खाणार. हिशोब सोपा आहे, १०० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ७२ युनिट, १० वॅटचा डबा असेल तर ७. बिलाचा स्लॅब चढला की घरचेच वायर उपटतील.

आता तुमचं अडकणं. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर जा, व्हिडिओ चालू असताना बघा तिथे डायरेक्ट प्ले लिहिलंय का ट्रान्सकोड. माझी खात्री आहे ट्रान्सकोड असणार. बरेच नवे फोन एचईव्हीसीत (व्हिडिओ दाबून लहान करायचा नवा फॉरमॅट) रेकॉर्ड करतात आणि एचडीआर चालू असेल तर १० बिटमध्ये, म्हणजे जास्त रंगछटांत, तुमचा दुसऱ्या जनरेशनचा आय३ हे हार्डवेअरमध्ये उघडूच शकत नाही, सगळा भार सीपीयूच्या डोक्यावर. टीव्हीला तो फॉरमॅट थेट चालत असेल आणि जेलीफिनचं अ‍ॅप नीट सेट केलं तर सर्व्हरला काहीच करावं लागत नाही, नुसती फाइल ढकलायची, ते काम तुमचा डबा अजूनही करेल. तेव्हा पैसे काढायच्या आधी हे तपासा. सबटायटल पण बंद करून बघा, काही प्रकारची सबटायटल चित्रात छापायला लागतात आणि तेवढ्यासाठी अख्खा व्हिडिओ ट्रान्सकोड होतो.

घ्यायचंच ठरलं तर सातव्या जनरेशनपासून पुढचं, आतलं ग्राफिक्स असलेलं काहीही. सहाव्याला १० बिट एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये नीट नाही, म्हणून आय५-६५०० स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, आय५-७५०० बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला आठवी जनरेशन लागते, त्यामुळे कंपन्यांनी सहाव्या-सातव्याची ऑफिस मशीन ढिगाने काढलीत. आपल्याला लिनक्सच टाकायचंय, आपल्याला काय फरक पडतो.

सातारी_तडका

वरच्या दादांशी सहमत, फक्त ते मिनी पीसीच्या नादाला लागू नका भावांनो, हल्ली जो तो एन१०० एन१०० करतो. चिप चांगलीच आहे, ६ वॅट, क्विक सिंक जबरी, पण त्या तळहाताएवढ्या डब्यात साडेतीन इंची डिस्क बसवणार कुठं? मग यूएसबीला लोंबकळणाऱ्या डिस्का, त्यांचे वेगळे अ‍ॅडॅप्टर, मांजरानं वायर ओढली की डिस्क गायब. ऑफिसवाला टॉवर घ्या, दोन डिस्का आरामात बसतात, आवाज नाही, पार्ट सगळीकडं मिळतात.

डिस्क मात्र जुनी घेऊ नका. आणि नवी घेताना पण सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे का बघून घ्या. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या साध्या रेड डिस्का, २ ते ६ टीबीच्या, गुपचूप एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या, लै बोंबाबोंब झाली, तेव्हापासून रेड प्लस म्हणजे सीएमआर असं वेगळं केलं त्यांनी. एसएमआरवर नुसतं वाचायचं असेल तर चालतं, पण रेड अ‍ॅरेमध्ये, म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधलेल्या असताना, एक डिस्क मेली आणि दुसरी लावून रिबिल्ड करायची वेळ आली की रडवते. (रेड डिस्क वेगळी, रेड अ‍ॅरे वेगळा, नावं ठेवणाऱ्याला नमस्कार.)

श्टुटगार्टहून

डिस्कबद्दल एक भर. २०२५ च्या सुरुवातीला इकडे जर्मनीत नवीन म्हणून विकलेल्या सीगेटच्या कितीतरी डिस्क प्रत्यक्षात वापरलेल्या निघाल्या, स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तासांचे आकडे कोणीतरी शून्यावर आणून ठेवलेले. पण सीगेटमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, तिथले खरे तास तसेच राहिले होते आणि त्यावरूनच चोरी पकडली. स्मार्टमॉनटूल्सची नवी आवृत्ती तो लॉग वाचते. डिस्क घरी आली की आधी दोन्ही आकडे जुळवून बघायचे, मग त्यात काही भरायचं.

दोन_पोरांची_आई

मी जरा उलट बोलते, राग मानू नका. हे सगळं वाचायला छान आहे पण केबलगुंता ताई, तुम्ही नाशिकला कायम असणार आहात का? उद्या नोकरी बदलली, तुम्ही बंगळूरला गेलात आणि उबुंटू अपडेट होऊन सकाळी उठलंच नाही तर आईबाबा काय करणार? मी म्हणूनच तयार एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घेतलं, सिनॉलॉजीचं दोन डिस्कवालं. नवऱ्याला, सासूबाईंना अ‍ॅप टाकून दिलं, फोनमधले फोटो आपोआप जातात, मला महिनोन्महिने त्याकडे बघावंसुद्धा लागत नाही. बजेटमध्ये डिस्कसकट बसवताना ओढाताण होईल हे मान्य.

हार्डडिस्कवाला

ताई मुद्दा बरोबर आहे, पण त्यांना सिनेमे पण बघायचेत. सिनॉलॉजीने त्यांच्या डीएसएम या सिस्टिमच्या ७.२.२ मध्ये व्हिडिओ स्टेशन हे व्हिडिओ बघायचं अ‍ॅप काढून टाकलं आणि एचईव्हीसीचा सर्व्हरवरचा सपोर्टही. २०२५ च्या प्लस मॉडेलना तर सुरुवातीला त्यांच्याच यादीतल्या डिस्क लागायच्या, ऑक्टोबरात डीएसएम ७.३ आल्यावर ते ढिलं केलं. उद्या परत काय काढतील सांगता येत नाही. फोटोंसाठी उत्तम, व्हिडिओसाठी मी नाही घेणार.

फोन रिकामे करायला इमिच हे फोटो जमवायचं सॉफ्टवेअर टाका, ऑक्टोबर २०२५ ला त्याची २.० म्हणजे स्थिर आवृत्ती आली, चेहरे ओळखतं, आजोबांवर बोट ठेवलं की आजोबांचे सगळे फोटो समोर. ४ जीबी रॅममध्ये मात्र गुदमरेल, ८ तरी हवी. आणि रॅम वेगळी घेऊ म्हणून थांबू नका, एआयच्या डेटासेंटरनी २०२५ च्या शेवटी भाव असे चढवलेत की मशीनमध्ये आधीपासून ८-१६ बसवलेली मिळाली तर तोच सौदा.

लालमाती

सगळे मशीनवर बोलतायत आणि टकटक करणाऱ्या डिस्कबद्दल कोणी अक्षर काढलं नाही, कमाल आहे.

केबलगुंता ताई, ती डिस्क आता पुन्हा पुन्हा लावून बघू नका. "आज चालते का बघू" करत प्रत्येक वेळी ती थोडी थोडी मरते. आधी नवी डिस्क आणा, मग ती टकटकी एकदाच लावायची आणि डीडीरेस्क्यू या टूलने अख्खी उतरवून घ्यायची, ते जिथे वाचता येतं ते आधी वाचतं आणि खराब जागा शेवटी परत परत खरवडतं. फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट करत बसू नका. लावल्या लावल्या नुसती टकटक आणि डिस्क दिसतच नसेल तर मात्र घरी काहीच करायचं नाही, रिकव्हरीवाल्याकडे न्यायची, आत खरोखर मोलाचं असेल तर.

दुसरं, कॅसेट. माझ्या मते तुमचा पहिला खर्च तिथे व्हायला हवा, सर्व्हर सहा महिन्यांनी घेतलात तरी जग बुडत नाही. आमच्याकडे कोकणात व्हीएचएसवर पावसाळ्यात बुरशी धरते. झाकण उचलून फितीच्या कडेला बघा, पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. नाशिकची हवा कोरडी आहे, तुम्ही सुटला असाल. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ ला काम थांबवलं, म्हणजे जे काय चालू मशीन आहेत ते जुनेच, आणि दुरुस्त करणारे म्हातारे होत चाललेत.

मिनीडीव्ही मात्र वेगळी गोष्ट, ती मुळात डिजिटल आहे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने कॅप्चर करू नका, दुकानदार सर्रास तेच करतात. कॅमेरा फायरवायरने (जुनी डिजिटल वायर) जोडला तर टेपवरचं जसंच्या तसं उतरतं, तासाला साधारण १३ जीबी. तुमच्या जुन्या डेस्कटॉपला कदाचित पीसीआय स्लॉट असेल, त्यात फायरवायर कार्ड बसेल, म्हणजे म्हाताऱ्याला शेवटचं एक मानाचं काम.

आणि यूपीएस. यूएसबी पोर्टवाला घ्या, मशीनवर एनयूटी हे सॉफ्टवेअर टाकलं की लाइट गेल्यावर बॅटरी संपायच्या आत मशीन स्वतःहून नीट बंद होतं.

केबलगुंता

बाप रे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. डॅशबोर्ड बघितला, ट्रान्सकोडच होतं, भावाच्या फोनला एचडीआर चालू. त्याला बंद करायला सांगितलं तर म्हणतो रंग फिके येतात. आमचा टीव्ही एवढा शहाणा नाही, एचईव्हीसी घेतो पण १० बिटला अडखळतो.

टकटकवाली डिस्क कपाटात ठेवली, हात लावणार नाही. कॅसेट बघितल्या, सगळ्या स्वच्छ, एक सोडून, आणि ती नेमकी आत्याच्या लग्नाची. मिनीडीव्हीचा कॅमेरा आहे, बॅटरी फुगलेली पण चार्जरवर चालू होतो.

ठरवलंय असं, आत्ता दोन डिस्क आणि फायरवायर कार्ड, मग सातव्या-आठव्या जनरेशनचा टॉवर. दोन पोरांची आई, तुमचा मुद्दा डोक्यात आहे, म्हणून भावालाही सगळं शिकवणार, पासवर्ड दोघांकडे. आता एकच, दोन डिस्क आरशासारख्या लावल्या की झालं ना बॅकअप? आणि एक कॉपी पुण्याला भावाकडे ठेवायची तर कशी, त्याच्याकडे आणि आमच्याकडेही पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा नेटचा पत्ता) मिळत नाही.

हार्डडिस्कवाला

मिरर म्हणजे बॅकअप नाही. आईने चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो. तुमच्याकडे दोनच डिस्क असतील तर मी मिरर करणारच नाही, एक सर्व्हरमध्ये आणि दुसरी पुण्याला.

पब्लिक आयपीची गरज नाही, दोन्हीकडे टेलस्केल (मशीन एकमेकांना खाजगी जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, सीजीनॅटमागूनही, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असला तरी, एकमेकांना शोधतं. फक्त पहिली कॉपी नेटवरून करू नका. अपलोड ४० एमबीपीएस धरला तरी २ टीबीला साडेचार-पाच दिवस सलग, आणि मध्ये नेट गेलं की बोंब. डिस्क घरीच भरा आणि एसटीत मांडीवर घेऊन पुण्याला जा, तेवढ्या वेगाने कुठलाच फायबर नेणार नाही. नंतरचं रोजचं थोडंथोडं रात्री जाईल.

जाता जाता राउटर पण बघा, काही फुकट मिळालेल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. गिगाबिटवर २ टीबी पाच-सहा तासांत जातं, त्या पोर्टवर दोन दिवस.

सातारी_तडका

फायलींची नावं मराठीत ठेवणार असाल तर एक गोम आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी ३ बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ खुणा. "आत्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मांडवात सगळे पाहुणे पंगतीत जेवायला बसलेले असताना काढलेला व्हिडिओ" असलं नाव ठेवलं तर कॉपी होताना एरर येतो आणि कारण कळत नाही. आधी साल-महिना-तारीख आकड्यात, मग दोन-तीन शब्द. सिनेमांना जेलीफिनसाठी नावापुढे कंसात साल टाका, मराठीत एकाच नावाचे जुने-नवे सिनेमे आहेत, नाहीतर भलताच पोस्टर चिकटवतो.

केबलगुंता

आईची फायलींची नावं याच लांबीची असतात, आता कळलं मागे त्या कॉपी का होत नव्हत्या. शनिवारी भाऊ येतोय, त्याच्या हातातच डिस्क देते. लालमाती दादा, आत्याच्या लग्नाच्या कॅसेटचं काय करू, बुरशी साफ करता येते का?

लालमाती

येते, पण ज्याच्याकडे त्यासाठी वेगळा व्हीसीआर आहे त्याच्याकडूनच. तोवर प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद करून बाकीच्या कॅसेटपासून लांब ठेवा, आणि टेप गुंडाळलेली असू दे पूर्ण एका बाजूला, नसेल तर मशीनमध्ये घालून गुंडाळायला जाऊ नका. कॅसेटचा फोटो टाका इथे, कडेचा, उजेडात.