मुठेच्या पाण्यासाठी पुणेकर किती पैसे देतील? निवड प्रयोगातील किमतीच्या रकान्याबद्दल प्रश्न

मुठाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. पर्यावरण अर्थशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी मुठा नदीवर काम करते आहे. नदीचे पाणी आणि काठ सुधारला तर पुण्यातील कुटुंबांना जो लाभ होईल, त्याचे मोल रुपयांत मांडता येते का, हा माझा विषय आहे. या लाभाला बाजारात भाव नाही, कारण दुर्गंधी नसलेली संध्याकाळ कोणी पुडीत बांधून विकत नाही. म्हणून मी निवड प्रयोगाची, म्हणजे ज्याला आपण सगळे चॉइस एक्सपेरिमेंट म्हणतो त्याची, पद्धत घेतली आहे. यात लोकांना कार्डावरील पर्यायांपैकी एक निवडायला सांगतात.

माझ्या प्रत्येक कार्डावर तीन रकाने आहेत: दोन वेगवेगळ्या योजना आणि तिसरा ‘आहे तसेच राहू द्यावे’. गुणधर्म पाच आहेत. पाण्याचा दर्जा मी बीओडीच्या, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या, आकड्यांत दिला आहे. त्याखेरीज काठावरील देशी झाडे, पक्ष्यांचे प्रमाण, चालण्याची वाट, आणि शेवटी कुटुंबाला मिळकत करात दरमहा द्यावी लागणारी जादा रक्कम: २०, ५०, ८० किंवा १०० रुपये. प्रत्येकाला सहा कार्डे दाखवते.

मागच्या दोन आठवड्यांत भिडे पुलाजवळ आणि विठ्ठलवाडीच्या घाटावर चाचणी सर्वेक्षण केले आणि तिथेच मी अडखळले. घाटावर निर्माल्याची पिशवी हातात घेऊन बसलेल्या एका आजींनी सहाही कार्डे चष्मा पुसून नीट पाहिली, झाडांबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि सहाही वेळा तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “नदी मी घाण केलेली नाही बाळा. ज्यांनी केली त्यांच्याकडून घ्या.” त्याच संध्याकाळी पुलावर भेटलेल्या एका तरुणाने सहाही वेळा सर्वांत महाग योजना निवडली. तो भाड्याच्या खोलीत राहतो आणि कर घरमालक भरतात, हे मला कार्डे संपल्यावर कळले.

माझे तीन प्रश्न आहेत. आजींसारखी उत्तरे शून्य रुपये म्हणून धरावीत की वगळावीत? मिळकत कर हे पैसे देण्याचे योग्य माध्यम आहे का? आणि अडीचशे जणांच्या नमुन्यातून निघालेल्या रुपयांच्या आकड्यावर किती विसंबावे?

---

आकडेमोड यांचे उत्तर

तुम्ही चाचणीत कारणे विचारलीत हे फार चांगले केलेत. पुष्कळ जण कार्डे गोळा करून थेट संगणकावर बसतात.

या पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. माणसाला वस्तू नव्हे, तर वस्तूचे गुणधर्म हवे असतात, हा अर्थशास्त्रज्ञ लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मांडलेला विचार, आणि निवडींवरून त्या गुणधर्मांचे वजन कसे काढावे, हे मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात दिलेले गणित, ज्यासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रत्येक गुणधर्माला एक गुणांक, म्हणजे निवडीवर त्याचा किती प्रभाव पडतो हे सांगणारा आकडा, मिळतो. एखाद्या गुणधर्माच्या गुणांकाला किमतीच्या गुणांकाने भागून चिन्ह उलटे केले, की त्या गुणधर्मासाठी पैसे देण्याची तयारी किती आहे हे कळते. समजा, वास जाण्याचा गुणांक ०.८४ आणि दरसाल एका रुपयाचा गुणांक उणे ०.००१२ आला, तर उत्तर कुटुंबामागे दरसाल ७०० रुपये.

आता या भागाकाराकडे नीट पाहा. पाणी, झाडे, पक्षी, वाट या चारही आकड्यांच्या खाली छेद एकच आहे, आणि तो म्हणजे किमतीचा गुणांक. झाडांचा गुणधर्म फसला तर झाडांचा आकडा चुकेल, पण किमतीचा रकाना फसला तर तुमच्या प्रबंधातील प्रत्येक रुपया चुकेल. तुमच्या तरुणाने किमतीकडे पाहिलेच नाही, कारण ती त्याच्या खिशातून जाणार नव्हती. असे भाडेकरू नमुन्यात जितके जास्त, तितका हा छेद शून्याकडे सरकेल आणि पैसे देण्याची तयारी फुगत जाईल. पुण्यासारख्या भाडेकरूंनी भरलेल्या शहरात ही बाब किरकोळ समजू नका.

माध्यम निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: ते उत्तर देणाऱ्याला खरोखर लागू होते का, त्यातून सुटका होण्याची पळवाट आहे का, आणि आपल्या उत्तराचा निर्णयावर परिणाम होईल असे त्याला वाटते का. ऐच्छिक देणगी दुसऱ्या कसोटीवर पडते, कारण इतर देतील आणि नदी तशीही स्वच्छ होईल, असे प्रत्येकाला वाटते. मिळकत कर मालकांसाठी तिन्ही कसोट्यांवर उतरतो, भाडेकरूंसाठी पहिल्याच कसोटीवर पडतो. सोसायटीचा मेंटेनन्स जवळचा वाटतो, पण वस्तीत आणि जुन्या वाड्यांत तो नसतो. माझ्या मते भाडेकरूंना दाखवायच्या कार्डावर कराऐवजी ‘आपल्या कुटुंबाच्या दरमहाच्या घरखर्चात होणारी वाढ’ असे लिहावे, ती वाढ कर आणि भाडे यांतून कशी पोहोचेल ते दोन ओळींत सांगावे, आणि मालक व भाडेकरू यांचे किमतीचे गुणांक वेगवेगळे काढून ताडून पाहावेत.

तुमची किंमतश्रेणीही आखूड आहे. १०० रुपयांलाही बहुतेक लोक योजना निवडत असतील, तर लोक कुठे थांबतात हे तुम्हाला दिसणारच नाही. गटचर्चा घ्या आणि ज्या रकमेवर लोक एकमेकांकडे पाहू लागतात, ती रक्कम वरच्या पातळीला ठेवा.

---

संगमपूल यांचे उत्तर

मी नदीकाठी राहतो आणि पाणी तपासणीच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून केवळ गुणधर्मांबद्दल लिहितो.

बीओडीचा आकडा कार्डावरून काढून टाकावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्नानायोग्य पाण्यासाठी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत बीओडी आणि किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हे निकष तुम्हाला आणि मला ठाऊक आहेत, पण घाटावरच्या माणसाला ‘३’ आणि ‘१०’ यांत काय फरक पडतो ते उमगत नाही. तो मग ‘कमी आकडा बरा’ असा अंदाज बांधून निवड करतो आणि तुम्ही त्या अंदाजाचे मोल काढत बसता. अमेरिकेतील अभ्यासांत नाव चालवण्यायोग्य, मासेमारीयोग्य आणि पोहण्यायोग्य अशी पाण्याच्या दर्जाची शिडी वापरतात. तीही इथे जशीच्या तशी उचलू नये, कारण मुठेत पोहण्याची कल्पनाच आज बहुतेकांना पटत नाही.

इथल्या माणसाला नदी कशी कळते? पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो की नाही, यावरून. बंधाऱ्याखाली पांढरा फेस दिसतो की नाही, यावरून. उन्हाळ्यात जलपर्णी पसरली की संध्याकाळी दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, कारण त्यानंतर डासांना तोंड द्यावे लागते. म्हणून पातळ्या अशा शब्दांत सांगा: ‘वर्षभर दुर्गंधी’, ‘फक्त उन्हाळ्यात दुर्गंधी’, ‘दुर्गंधी नाही, काठावरून मासे दिसतात’. प्रत्येक पातळीमागे कोणते रासायनिक मान गृहीत धरले आहे, ते प्रबंधात लिहा.

आणखी एक अडचण आहे. मैलाशुद्धीकरण केंद्रे जपानच्या कर्जसाहाय्यातून उभारण्याचे काम आणि ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प लोकांच्या कानावर आहे, आणि दुसऱ्याबद्दल मतेही तीव्र आहेत. तुमच्या कार्डावर ‘चालण्याची वाट’ दिसली की काही जणांना तोच प्रकल्प आठवेल आणि ते त्या प्रकल्पाला होकार किंवा नकार देतील. तुमची योजना त्याहून कशी वेगळी आहे, हे कार्डांपूर्वीच्या निवेदनात स्पष्ट करा, किंवा वाट हा गुणधर्मच गाळा. मी असतो तर गाळला असता.

---

नदीहक्क यांचे उत्तर

आजींच्या उत्तरावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी वकिली करतो, अर्थशास्त्रज्ञ नाही.

तुम्ही ज्याला बहुधा ‘निषेधाचे उत्तर’ म्हणून बाजूला काढाल, ते या देशाचा कायदाच बोलून दाखवणारे उत्तर आहे. प्रदूषणमुक्त पाण्याचा उपभोग हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात म्हटले, आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व १९९६ च्या वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या निकालात देशाच्या कायद्याचा भाग मानले. ज्यावर आपला हक्क आहे, ती वस्तू मिळवण्यासाठी आपण किती पैसे द्याल, असा प्रश्न आजींना विचारला गेला. त्यांनी कार्ड नव्हे, प्रश्न नाकारला.

अशा उत्तराला शून्य मानणे म्हणजे आजींना नदीची किंमत नाही असे लिहून ठेवणे, आणि ते धडधडीत असत्य ठरेल. पण त्यांना गुपचूप वगळणेही मला मान्य नाही, कारण मग अहवालात केवळ पैसे द्यायला तयार असलेलेच पुणेकर उरतात.

---

आकडेमोड यांचे उत्तर

नदीहक्क यांचा मुद्दा रास्त आहे आणि तो आमच्या विद्येच्या जुन्या दुखण्याला हात घालतो. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले, तेव्हा नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी अमेरिकी कुटुंबांना असाच प्रश्न विचारला गेला, मात्र निवड कार्डांऐवजी थेट एका योजनेला होकार की नकार या रूपात. कुटुंबामागे मध्यक सुमारे ३१ डॉलर निघाला आणि देशभराची बेरीज सुमारे २८० कोटी डॉलर झाली. हक्काच्या दृष्टीने पाहता ‘नुकसान सोसायला तुम्हाला किती हवे’ हा प्रश्न अधिक योग्य होता, पण त्याची उत्तरे अफाट येतात, म्हणून अर्थशास्त्रज्ञ ॲरो आणि सोलो यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळाने १९९३ मध्ये ‘तुम्ही किती द्याल’ हाच प्रश्न विचारावा अशी शिफारस केली. म्हणजे आपण जो आकडा काढतो तो सावध, खालच्या बाजूचा आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

आजींसाठी माझा व्यवहारी सल्ला असा. सहाही वेळा सद्यस्थिती निवडणाऱ्या प्रत्येकाला कारण विचारा. ‘परवडत नाही’ आणि ‘मला नदीचे काही पडलेले नाही’ ही खरी शून्ये आहेत आणि ती नमुन्यात राहिली पाहिजेत. ‘ज्यांनी केले त्यांनी द्यावे’ किंवा ‘पैसे नदीपर्यंत पोहोचणार नाहीत’ ही वेगळ्या जातीची उत्तरे आहेत. त्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा, असे दोन्ही निकाल शेजारी-शेजारी छापा, आणि त्यांची संख्या परिशिष्टात न लपवता मुख्य तक्त्यात द्या. धोरण ठरवणाऱ्याला ७०० रुपयांच्या आकड्याइतकीच ही संख्या कळायला हवी.

राहिला नमुना. जॉन्सन आणि ऑर्म यांचा ठोकताळा सांगतो की उत्तरदात्यांची संख्या, प्रत्येकाची कार्डे आणि कार्डावरील पर्याय (‘आहे तसेच’ सोडून) यांचा गुणाकार करून, सर्वांत जास्त पातळ्या असलेल्या गुणधर्माच्या पातळीसंख्येने भागावे, आणि उत्तर किमान ५०० यावे. तुमचे २५० गुणिले ६ गुणिले २ भागिले ४ म्हणजे ७५०. साध्या लॉजिटला, म्हणजे सर्वांची आवड सारखीच धरणाऱ्या निवडीच्या प्रारूपाला, हे पुरते, पण मालक आणि भाडेकरू वेगळे काढायचे तर प्रत्येक गटासाठी हाच हिशेब पुन्हा करा. १२५ जणांच्या गटाला ३७५ येतात, ते कमी आहेत. मिक्स्ड लॉजिटकडे, म्हणजे माणसागणिक वेगळी आवड धरणाऱ्या प्रारूपाकडे, वळलात तर किमतीचा गुणांक सामान्य वितरणाचा धरू नका, कारण शून्याजवळच्या छेदाने भागल्यावर सरासरीला अर्थ उरत नाही. तो स्थिर ठेवा, किंवा प्रारूपच रुपयांच्या परिमाणात मांडा. आणि ७०० हा एकटा आकडा कधीही देऊ नका, विश्वासांतरासह, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची खात्री वाटते त्या पट्ट्यासह, द्या.

---

मुठाकाठ यांचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. बीओडीचा रकाना काल रात्रीच काढला, आणि संगमपूल यांच्या तीन पातळ्या घेताना ‘डास’ हा शब्द माझ्या निवेदनात कुठेच नव्हता हे पाहून वाईट वाटले. चालण्याची वाटही गाळली आहे. त्यामुळे आता चारच गुणधर्म उरले.

नमुना ४०० पर्यंत नेण्याचे ठरवले आहे आणि त्यात निम्मे भाडेकरू असतील, म्हणजे प्रत्येक गटाचा हिशेब ६०० वर जातो. वरची रक्कम गटचर्चेनंतर ठरवेन. कारणाचा प्रश्न आता खुला न ठेवता, लोकांच्याच शब्दांतली पाच उत्तरे देऊन विचारणार आहे आणि पहिले उत्तर आजींचे वाक्य आहे.

एक शंका उरते. विठ्ठलवाडीच्या पलीकडे काही कुटुंबे अशी भेटली, ज्यांना दरमहा ५० रुपयेही जड आहेत, पण आठवड्यातून एक सकाळ काठावरची जलपर्णी काढायला येऊ असे ती आपणहून म्हणाली. ग्रामीण भागांतील अभ्यासांत रुपयांऐवजी श्रमाचे दिवस हे माध्यम वापरतात. एकाच शहरात काही कार्डांवर रुपये आणि काहींवर श्रमाचे तास ठेवले, तर त्या दोन्ही निकालांची तुलना करताना तासाचे मोल कोणत्या मजुरीने धरावे: त्या माणसाच्या स्वतःच्या मिळकतीने, की सर्वांना एकाच दराने?