रंगपंचमीला बारा बोअर बंदुकीतून रंग उडवायचा का? (चर्चा)

मांजरा_काठ
राम राम मंडळी. आमच्या अंबाजोगाई साईडला रंगपंचमीच्या आसपास बंदुकीचं लायसन असलेले दहा-पंधरा जण एका शेतावर जमतेत, मातीच्या चकत्या उडवून नेम धरतेत, मग मटणाचा रस्सा आन भाकरी. यंदा पोरांच्या डोक्यात आलंय की काडतुसातले छर्रे काढायचे आन कोरडा रंग भरायचा, बार केला की गुलाबी-निळा ढग. अमेरिकेत असले रंगाचे, ठिणग्यांचे, कागदाच्या तुकड्यांचे काडतूस लोक हौसेनं घरी भरतेत, व्हिडिओ ढिगानी आहेत. मला तर पटलं बुवा. छर्रेच नाहीत तर लागणार काय? सुतळी बॉम्बनी दरवर्षी बोटं जायलेत, डीजेनी म्हातारे माणसं तळमळायलेत, त्याच्यावर कुणी धागा काढत नाही, बंदूक म्हटली की सगळे अंग चोरतेत. मोकळं बोला, पण उगं "संस्कृती बुडाली" छाप नको.

एकनळी
दादा, "लागणार काय" याचं उत्तर सांगतो. अमेरिकेत १९८४ ला एका नटानं शूटिंगच्या सेटवर टाइमपास म्हणून कोऱ्या काडतुसाचं रिव्हॉल्वर स्वतःच्या कानशिलाला लावलं आन घोडा दाबला. गोळी नव्हतीच आत. तरी नुसत्या झटक्यानं कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आन माणूस गेला. बारा बोअरच्या काडतुसात तर बारुदीच्या वर वॅड म्हंजे प्लास्टिकचा नाहीतर नमद्याचा बोळा असतंय, ते बाहेर येतंयच, जवळच्या अंतरावर ते बी जिवावर बेतू शकतंय. रंगपंचमीला लोक किती जवळ उभे राहतेत ते तुम्हाला मी काय सांगू.

मांजरा_काठ
कानशिलाला लावा असं कोण म्हणालंय? आभाळात बार करायचा. लायसन हाय, अक्कल बी हाय.

निवृत्त_वर्दी
आभाळात बार म्हणताय म्हणून लिहितो, नाहीतर वाचूनच गप बसणार होतो. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. लग्न, सण, मिरवणूक, कुठल्याबी कार्यक्रमात बेफिकिरीनं बार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर कलम २५ (९), दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत माणशी तीनच्या दोन बंदुका झाल्या. आता तुम्ही म्हणाल आमचं बेफिकीर कुठंय, ते कोर्टात म्हणायचं. दुसरं, लायसन बंदूक बाळगायचं असतंय. दारूगोळा बनवायचा विषय कायद्यात कलम ५ मधे येतो, लायसनवाल्यानं वाट्टेल ते भरायचं आन उडवायचं असं नाही. आन बीड जिल्ह्यात हवेत बार करायचे व्हिडिओ फिरले तवा काय झालं ते विसरलात का? गुन्हे दाखल झाले, परवाने रद्द झाले. तुमच्या पोरांचा गुलाबी ढग तर व्हिडिओशिवाय निघणारच नाही, म्हणजे पुरावा तुम्हीच देणार.

परळी_जंक्शन
काका, गुंडांनी दहशतीसाठी केलेले बार आन शेतकऱ्यांची हौस एकाच मापात मोजू नका. आमच्याकडं रानडुकरं आन रोही हरभरा सपाट करतेत म्हणून आजोबापासून बंदूक हाय घरात. दसऱ्याला तिची पूजा होते. नांदेडला शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीत हजारो तलवारी निघतेत, तवा नाही कुणाला कलम आठवत. एक दिवस रंग उडवला तर लगेच गुन्हेगार? सगळं बंद करा आन मोबाईल बघत बसा.

निवृत्त_वर्दी
हल्लाबोलाची शिस्त पिढ्यानपिढ्याची हाय आन बंदोबस्त किती असतो ते मला माहीत हाय. तलवार हातात ऱ्हाते हो, छर्रा जातो दोनशे मीटर. बस एवढंच.

एकनळी
मुद्दा कायद्याच्या आधी नळीचा हाय. मी तेच सांगायला आलतो. काडतूस म्हंजे वजन आन दाब यांचा हिशोब असतो, बारुद किती आन पुढं वजन किती हे कारखान्यात दाब मोजून ठरवतेत. ऑलिंपिकच्या ट्रॅपला, म्हंजे उडत्या चकत्या फोडायच्या खेळाला, २४ ग्रॅम छर्रे, ते बी ठरलेल्या दारूवर. तुम्ही छर्रे काढून रंग घातला की पुढचं वजन गेलं, दारू नीट जळत नाही, फुस्स असा आवाज येतो आन वॅड नळीतच अडकून ऱ्हातं. पोरगं म्हणणार "बार निघाला नाही", दुसरं काडतूस घालणार, घोडा दाबणार. नळी फुटते तवा डाव्या हाताची बोटं तिथंच असतेत. उलटं रंग दाबून-दाबून भरला, त्यात ओल धरली, तर घट्ट गोळा होतो आन दाब कुठं जाईल सांगता येत नाही. अमेरिकेतले जे लोक घरी काडतूस भरतेत ते नुसते हौशी नसतेत, त्यांच्याकडं छापील कोष्टकं असतेत, तराजू असतेत, आन कोष्टकात नाही ते भरत नाहीत. गुलालाचं कोष्टक कुठल्या पुस्तकात हाय ते दाखवा. व्हिडिओवाला फुस्स झालेला बार कापून टाकतो, फक्त ढग दाखवतो.

खडकीच्या सरकारी कारखान्याचं शक्तिमान काडतूस किती मुश्किलीनं मिळतंय ते सगळ्यांना माहीत हाय, लायसनवर वर्षाचा कोटा लिहिलेला असतो, ते फाडून त्यात रंग घालायचा हे ऐकूनच माझा जीव वर-खाली झाला, पण ते जाऊ द्या.

कडब्याची_गंजी
माझं वेगळंच. रंगपंचमीला शेतात काय असतंय? ज्वारी काढलेली, कडब्याच्या गंज्या उभ्या, गव्हाचं काड वाळून कडक, आन विहिरीत मोटर बुडत नाही. एक ठिणगी पडली तर विझवायला टँकर बी नाही. अमेरिकेत ॲरिझोनात एप्रिल २०१७ ला एका माणसानं होणारं बाळ मुलगा का मुलगी ते रंगानं जाहीर करायचं म्हणून रंग भरलेल्या स्फोटक निशाण्यावर गोळी मारली, वाळलेलं गवत पेटलं, सत्तेचाळीस हजार एकर जळालं. एकर म्हणालो, गुंठे नाही. आन पोरांना तर ठिणग्यांचे बी बार पायजेत म्हणे. माझ्या बैलाच्या वर्षभराच्या वैरणीजवळ कुणी असलं काही घेऊन आलं तर मी काठी घेऊन उभा.

परळी_जंक्शन
मग गावाबाहेर माळावर करा की. तलावाच्या काठी करा. प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणायला अक्कल लागत नाही, लोकं होळीला गावाच्या मधोमध आग लावतेतच ना.

औंढ्याची_लेक
मी ट्रॅप खेळते, म्हणून दोन्हीकडच्यांना थोडं बोलते. परळीवाल्या भाऊंचं एक बरोबर आहे, सणाला नेमबाजी ठेवली म्हणून कुणी गुंड होत नाही. पण रंग काडतुसात घालायची गरजच काय आहे? मोठ्या स्पर्धांच्या फायनलला चकतीतच रंगाची पूड भरलेली असते. चकती ११० मिलिमीटरची, एकशे पाच ग्रॅमच्या आसपास, मशीन तिला शहात्तर मीटरवर फेकते, नेम लागला की आभाळात रंगाचा झकास फुगारा उठतो आणि मागं बसलेल्या आजीलाही कळतं की लागलं. चुकला तर काहीच उडत नाही, म्हणजे रंग कमवावा लागतो. नळीतून निघणाऱ्या ढगाला नेम कशाला लागतो? तो आंधळ्यालाही जमेल. काडतूस कारखान्याचं, जसंच्या तसं. जागा परवानगीची, समोर मोकळी हद्द, मागं लोक, दारू प्यायलेला माणूस रेषेच्या आत नाही. एवढं असेल तर मी स्वतः येते.

आणि कोरड्या रंगाबद्दल. तैवानमधे जून २०१५ ला वॉटर पार्कात रंगाचा कार्यक्रम होता, मक्याच्या पिठाचा रंग हवेत उडवला आणि तो पेटला. १५ जण गेले, पाचशेच्या आसपास भाजले. ते कुणी बंदुकीतून उडवलं नव्हतं. तुम्ही तीच पूड जळत्या बारुदीच्या तोंडावर ठेवताय.

एकनळी
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी दाबावरच अडकलो होतो.

परळी_जंक्शन
ताई तुमचं खरं असेल, पण त्या रंगाच्या चकत्या इथं कोण विकतंय? साध्याच चकत्या मागवायच्या तर पार्सलमधे अर्ध्या फुटून येतेत. मशीन कुठून आणायचं? शहरातल्या खेळाडूचे सल्ले खेड्याला कामाचे नसतेत.

औंढ्याची_लेक
मी खेड्यातलीच आहे भाऊ, आयडी वाचा. रंगाच्या नसतील तर साध्या केशरी फोडा आणि गुलाल हातानं उधळा, बंदुका पेटीत गेल्यावर. पूर्वीपासून असाच उधळतात.

मांजरा_काठ
बरं, काडतुसातला रंग तेवढा रद्द करतो, नळीचं ऐकून पोराची आई बी आता पेटलीय. पण सगळे म्हणतेत तसं मला काय पटलेलं नाही. घरी काडतूस भरणारे लोक जगात आहेत, शिकवणारं कुणी असेल तर इथल्यांनी बी शिकायला पायजे, नाहीतर आपण कायम बाहेरच्यांचे व्हिडिओ बघतच बसणार. चकत्यांचं बघतो. सुरुवातीचा एक साधा बार मात्र आभाळात मी करणारच, दरवर्षीचा रिवाज हाय, त्याला कुणी आडवं येऊ नये.

निवृत्त_वर्दी
करा. तारीख आन शेताचा गट नंबर तेवढा इथंच टाका, ठाण्यातल्या पोरांना शोधत फिरायला नको.