चर्चा: दुनुनबा रंगमंचावर गेला, मग गावातलं काय उरलं?

रानवाट (धागा सुरू करणारा)

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात, कुरुसा गावाच्या आसपास, हमाना हा मालिंके लोकांचा मुलूख आहे. तिथला दुनुनबा बलदंडांचा नाच म्हणून ओळखला जातो. (संचातल्या सर्वांत मोठ्या ढोलाचं नावही तेच, त्यामुळे खाली वाचताना गोंधळू नका.) आज हा नाच जगभरच्या कार्यशाळांत शिकवतात. माझं मत असं की रंगमंचावरचा दुनुनबा हा दुनुनबा नव्हेच, कारण गावात तो जे काम करतो ते मंचावर होऊ शकत नाही.

काम कोणतं? गावातल्या नाचाच्या मोकळ्या जागेला बारा म्हणतात, मधोमध झाड असतं. पुरुषांचे वयोगट ठरलेले. ज्या गटाकडे बाराची सूत्रं, ते बाराती. धाकट्या गटाला वर सरकायचं असेल तर त्यानं नाचाच्या रांगेतच पुढे येऊन आव्हान द्यायचं. हातात पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक आणि सजवलेली कुऱ्हाड. पूर्वी दोन्ही गट खरोखर फटके ओढत आणि सोसत, जो मागे हटला तो हरला. आता फटके बरेचसे नावापुरते उरलेत. तरी कोण कोणाला वाट देतो हे सगळ्या गावासमोर ठरतं आणि त्यानंतर गावात वावरताना ते पाळलं जातं. मंचावर चाबूक दिसतो, कुऱ्हाड दिसते, पण निकाल तालमीतच ठरलेला असतो. हरणाऱ्याचं काही जात नाही.

तिस्रजाती

असहमत. आपल्याकडे गोंधळ मंचावर आला म्हणून लग्नानंतरचा घरचा गोंधळ थांबला नाही. दोन्हींची जागा वेगळी.

आता गिनीकडे या. फोदेबा केइता यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये 'ले बाले आफ्रिकां' हे पथक उभं केलं. 1958 साली गिनी स्वतंत्र झाला आणि तेच राष्ट्रीय पथक झालं. हमानातल्या सांगबाराला गावचे फामुदू कोनाते या पथकाचे प्रमुख जेम्बेवादक होते (जेम्बे म्हणजे हातांनी वाजवायचा ढोल). पुढे त्यांनीच हमानाचे ताल गावच्या पद्धतीनं, तीन ढोल तीन वादकांकडे ठेवून, बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवले. मंच नसता तर 'कोनोवुलेन' आणि 'ताकोसाबा' हे दुनुनबाचे दोन वेगळे ताल आहेत हेही आपल्याला कळलं नसतं.

रानवाट

आपल्याला काय कळलं हा मुद्दाच नाही. प्रश्न नाचाच्या धन्यांचा आहे.

अभया

चाबूक-कुऱ्हाड बाजूला ठेवा. मंचावर खरा बदल वेगळ्याच जागी झाला: कोण कोणाच्या मागे जातं.

गावात नाचणारा पुढे, वादक मागे. एकटा नाचणारा रिंगणात येतो तो थेट मुख्य जेम्बेसमोर. पाऊल दाखवतो. वादक त्याचे पाय बघून ते पाऊल हातांनी जसंच्या तसं उमटवतो. नाचणाऱ्यानं जोर वाढवला की जेम्बे आणि मोठा दुनुनबा मिळून लय तापवतात, आणि नाचणारा आपलं शेवटचं पाऊल टाकून बाहेर पडतो. सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात. जास्त रेंगाळणं वाईट दिसतं, मागे लोक थांबलेले असतात.

मंचावर दहा-पंधरा जण एकाच ओळीत प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. सगळ्यांनी एकदम पाऊल बदलायचं तर इशारा हवाच, म्हणून मुख्य जेम्बे एक ठरावीक बोल टाकतो आणि ओळ बदलते. म्हणजे वादक पुढे, नाचणारे मागे. वर्गात हेच शिकवतात, त्यातही चार किंवा आठ वेळा मोजून. अशा वर्गात तयार झालेली व्यक्ती रिंगणात उतरली की हमखास अडते. ती इशाऱ्याची वाट बघते, वादक तिच्या पावलाची वाट बघतो, आणि दोघंही तेच ते करत राहतात.

दुसरी गोष्ट ढोलांची. केनकेनी लहान, सांगबान मधला, दुनुनबा मोठा. तिन्ही आडवे, दोन्ही तोंडांना गाईचं कातडं, वर लोखंडी घंटा. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं घंटा. दुनुनबाच्या बहुतेक तालांत केनकेनी जवळजवळ सारखाच वाजतो. ताल ओळखायचा तो सांगबानवरून, आणि त्याचा बोल बऱ्याचदा एका आवर्तनात संपत नाही. मोठा ढोल त्यावर खेळतो. पथकांनी हे तिन्ही ढोल उभे करून एकाच वादकाला दिले. दोन्ही हातांत काठ्या, त्यामुळे घंटा गेली. आणि एकच माणूस तिन्ही सांभाळतो तेव्हा सांगबानचे दाबलेले ठोके पहिले गळतात. मग चार वेगळे ताल कानाला एकच वाटू लागतात.

तिस्रजाती

वर्णन बरोबर, निष्कर्ष नाही. उभे ढोल ही सोय आहे. गाडीत तीन वादक मावत नाहीत, एक मावतो. शिवाय उघड्या मैदानात तो आवाज दणदणीत जातो.

आणि राजधानी कोनाक्रीकडे बघा. गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे 1984 साली वारले, सरकारी आधार आटला, तरी मोहल्ल्यामोहल्ल्यांतली खासगी पथकं चालू राहिली. हेच नाचणारे आणि वादक लग्नाला, रस्त्यावरच्या समारंभाला बोलावले जातात. तिथे रिंगण असतं, बायका आत येतात, नोटा उधळल्या जातात, वादकांची कमाई त्यावर चालते. पथकात बसवलेली पावलं या रिंगणात उतरतात आणि तिथे घडलेली नवी पावलं पुन्हा पथकात जातात. हा समाज नाही तर काय? फक्त त्याला मधोमध झाड नाही.

कोकणकडा

दोघंही राजकारण विसरताय. गिनीत मंच ही सरकारी गोष्ट होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून पथकं उभी केली, स्पर्धा लावल्या, निवडलेले राजधानीत. त्याच काळात सरकारची 'अंधश्रद्धा उखडा' मोहीम जंगलपट्ट्यात चालली. लोमा, गेर्झे या लोकांच्या दीक्षाविधींवर बंदी आली, मुखवटे जप्त झाले, जाळले गेले. आणि तशाच मुखवट्यांचा नाच राष्ट्रीय मंचावर कौतुकानं दाखवला जात होता. दीक्षा न घेतलेल्यांनी जे बघूच नये, ते तिकीट काढून बघता येऊ लागलं. अशा ठिकाणी मंचानं जपणूक केली असं म्हणणं मला मान्य नाही. तिथे मंच मूळ विधीच्या जागी बसवला गेला.

फोदेबा केइता स्वतः या सरकारात मंत्री होते. 1969 साली त्यांनाच अटक झाली आणि बोआरो या कुप्रसिद्ध तुरुंग-छावणीत मारण्यात आलं.

रानवाट

कोकणकडा, हेच तर म्हणतोय.

कोकणकडा

नाही, तेच नाही. दुनुनबा कधी गुप्त नव्हता. तो बारावर सगळ्यांदेखत होतो, बायका-मुलं भोवती असतात. त्यामुळे मंचावर त्याचं गुपित फुटलं नाही. कासा हा शेतीचा ताल घ्या: वादक शेतकऱ्यांबरोबर रानात जातात, कापणी चालू असेपर्यंत वाजवतात, हात त्या लयीत चालतात. त्याचं काम मंचानं हिरावलं नाही. वादकाला दिवसभर रानात ठेवून खाऊ घालणं परवडेनासं झालं आणि तरुण शहरात गेले की तो आपोआप कमी होतो. प्रत्येक नाचाचा हिशेब वेगळा मांडायला हवा. मुखवट्याचा राग दुनुनबावर काढू नका.

रानवाट

वेगळा हिशेब मान्य. पण कोनाक्रीच्या रिंगणात नोट उधळणाऱ्याला मान मिळतो, वयोगटाला नाही. ज्याच्याकडे पैसा तो पुढे. हमानात विशीतल्या पोराला पैसा असो-नसो, आपल्या गटासोबत उभं राहावं लागतं आणि सोसावं लागतं. हे दोन समाज एकाच मापानं मोजता येत नाहीत. मी हमानाच्या बाजूनं आहे.

तिस्रजाती

आणि मी कोनाक्रीच्या, कारण त्यात बाईला मधोमध यायला जागा आहे. बारावर ती गाते, नाचतेही, पण चाबूक आणि निकाल पुरुषांचा.

अभया

शिकणाऱ्यांसाठी एवढं लिहिते. शिक्षकाला आधी विचारा, सांगबान स्वतंत्र वाजणार का? नसेल तर किमान घंटेसह वाजलेला सांगबान ऐकून तोंडानं म्हणा, मग पावलं घ्या. केनकेनीवर टाळ्या देऊ नका. त्याचे ठोके मुख्य ठोक्यांवर नाही, त्यांच्या अधेमधे पडतात, आपले कान तिथेच सम धरतात आणि पूर्ण पाऊल सरकतं. वर्गाच्या शेवटी ओळ मोडून रिंगण करायला सांगा, इशाऱ्याचा बोल बंद ठेवून. प्रत्येकानं एकच पाऊल घेऊन यायचं, जेम्बेकडे बघत ते तीन-चारदा स्वच्छ टाकायचं आणि वादकानं ते पकडलं की बाहेर पडायचं. वादकानं पकडलं नाही तर पाऊल बदलू नका, लहान करा आणि टाच जमिनीवर ठळक टेकवा. त्याला ती टाचच दिसायला हवी असते.