मदत हवी आहे: वडिलांच्या 'छत्रीनाना'वर प्रेसवाले हक्क सांगायलेत, हरकतीची मुदत जवळ आलीय

नमस्कार. मी लातूरचा. कॉपीराइट-ट्रेडमार्कमधलं कळणारं कुणी असेल तर कृपया सगळं वाचून सांगा. लांबलंय, पण काय गाळावं ते मला कळत नाही.

माझे वडील औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९७२च्या दुष्काळात त्यांनी लातूरच्या एका साप्ताहिकात 'छत्रीनाना' हे व्यंगचित्र काढायला सुरुवात केली. डोक्याला मुंडासं, मागं एक शेळी आणि बगलेत मिटलेली छत्री. पाऊस येईल म्हणून छत्री घेऊन निघायचं आणि संध्याकाळी ती तशीच कोरडी घरी आणायची, एवढंच. पण आमच्याकडं ते घरोघरचं होतं. लोक वडिलांनाच नाना म्हणायला लागले.

एकवीस वर्षांत ती छत्री एकदाच उघडली. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरच्या अंकात. पडलेल्या माळवदाच्या ढिगाऱ्याजवळ एक पोरगी बसलीय आणि नाना तिच्यावर छत्री धरून उभा आहे. खाली एक अक्षर नाही. मूळ चित्र माझ्याकडं आहे. एका कोपऱ्यात वडिलांची सही, मागच्या बाजूला पेन्सिलीनं पुसट लिहिलंय: 'आता बंद.' त्यानंतर त्यांनी नाना काढला नाही. २००९ला ते गेले.

गेल्या महिन्यात गंजगोलाईजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात तणनाशकाच्या बाटलीवर मला नाना दिसला. छत्री उघडलेली, तिच्यावर कंपनीचं नाव, शेळी काढून टाकलेली. आईला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "शेळी कुठाय रे?"

चौकशी केली तेव्हा कळलं की ते साप्ताहिक ज्या प्रेसमध्ये छापलं जायचं आणि ज्यांच्या मालकीचं होतं, त्यांच्या मुलानं कंपनीला परवानगी दिलीय. वर 'छत्रीनाना' हे नाव आणि चित्र दोन्हीसाठी ट्रेडमार्कचा अर्जही केलाय. मी भेटायला गेलो. त्यांनी कपाट उघडून चित्र छापायचे जस्ताचे ब्लॉक दाखवले. लाकडावर ठोकलेले, कडेला अजून शाई. "ब्लॉक आमच्या पैशानं झाले, चित्राचे पैसे दरवेळी दिले, मग नाना कुणाचा?" असं त्यांचं म्हणणं. शिवाय वडिलांचं १९८६चं एक पत्र त्यांच्याकडं आहे: 'छत्रीनाना दिवाळी अंकात व कॅलेंडरवर छापण्यास माझी हरकत नाही.' निघताना म्हणाले, "मिकी माऊससुद्धा आता सगळ्यांचा झाला, तुम्ही कशाला धरून बसलात?"

मिकीचं मी वाचलं. १ जानेवारी २०२४ला खुला झाला तो १९२८च्या 'स्टीमबोट विली'तला मिकी, तोही अमेरिकेच्या ९५ वर्षांच्या हिशोबानं. नंतरचं रूप आणि ट्रेडमार्क डिस्नेकडंच आहेत. आपल्याकडं चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात, म्हणजे नाना २०६९अखेरपर्यंत कुणालाही मोकळा नाही. प्रश्न फक्त तो कुणाचा हा आहे, आणि माझी झोप त्यानंच उडालीय. मिकीच्या आधी वॉल्ट डिस्नेनं ओस्वाल्ड नावाचा ससा उभा केला होता, १९२७ला. करारात हक्क युनिव्हर्सल कंपनीकडं होते, १९२८ला ससा हातचा गेला. डिस्ने कंपनीला तो परत मिळाला २००६ला, ७८ वर्षांनी. माझ्या आईचं वय आज ८१ आहे.

आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. कुठून सुरुवात करू?

मांजराकाठ:

दादा, आधी ट्रेडमार्क बघा, बाकी मागून. अर्ज ट्रेडमार्क जर्नल या सरकारी पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घ्यावी लागते. ती मुदत वाढवून मिळत नाही. फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन भरता येतो. हरकतीत ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११(३) घाला. ज्या चिन्हाचा वापर कॉपीराइटमुळे रोखता येतो, त्याची नोंदणी होऊ नये असं तिथं आहे.

ब्लॉकला घाबरू नका. ब्लॉक त्यांचा असेल, त्यानं चित्राचा कॉपीराइट त्यांचा होत नाही. तुमचे वडील त्यांच्याकडं पगारी नव्हते, शाळेत होते, हे चांगलं आहे. प्रेसवाले कॉपीराइट कायद्याचं कलम १७ काढतील: पैसे देऊन करून घेतलेलं 'पेंटिंग' करून घेणाऱ्याचं. पण कायद्याच्या व्याख्येत पेंटिंग आणि ड्रॉइंग असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुमची चित्रं शाईच्या रेघांची आहेत. वकिलांना हा मुद्दा नक्की मांडायला सांगा.

पत्राबाबत एक सावधगिरी. कुणी म्हणेल की हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांतच संपतो. कलम १९मध्ये ते आहे, पण १९९४च्या दुरुस्तीआधीच्या हस्तांतराला ते लागू नाही आणि तुमचं पत्र १९८६चं. त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा पत्राची भाषा बघा. 'हरकत नाही' ही दोन ठिकाणी छापायची परवानगी झाली, मालकी दिली असं त्यात कुठंय? आणि बाटली म्हणजे ना दिवाळी अंक, ना कॅलेंडर.

केरळचा एक निकालही वाचा. व्यंगचित्रकार टॉम्स यांनी 'बोबन आणि मोली' ही जोडी मल्याळा मनोरमात नोकरीला लागण्याआधीच काढली होती. नोकरी सोडून ते दुसरीकडं तीच पात्रं काढू लागले तेव्हा वृत्तपत्र कोर्टात गेलं, पण केरळ उच्च न्यायालयानं टॉम्सना रोखलं नाही. पात्र एक आणि छापलेली चित्रं वेगळी, हा विचार तिथं सापडेल.

शेळी काढली, छत्री उघडली, यासाठी कलम ५७ आहे. कलाकाराच्या मानाला धक्का लागेल असा बदल झाला तर वारस दाद मागू शकतात, कॉपीराइट दुसऱ्याकडं गेला असला तरी. दावा लातूरच्या जिल्हा न्यायालयातच लावता येईल, कलम ६२ बघा. तिघं भावंडं मिळून जा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण मूळ चित्रं पुरावा म्हणून फार मोलाची आहेत.

चित्राचे पैसे मनीऑर्डरनं येत असतील तर तिची काही कूपनं, म्हणजे पाठवणारा निरोप लिहितो त्या चिठ्ठ्या, राहिलीत का घरात?

मूळ प्रश्नकर्ता:

ताई, तुम्ही विचारलं म्हणून काल रात्री आईची पत्र्याची ट्रंक उपसली. वडिलांनी कूपनं दोऱ्यात ओवून ठेवलीत. सगळ्यांवर 'मानधन' एवढंच आहे, पण १९८१च्या एका कूपनवर साप्ताहिकाच्या संपादकांच्या अक्षरात लिहिलंय: 'छत्रीनाना, एका अंकापुरते, रु. १५.' शाई फिकी पडलीय, तरी वाचता येतंय. आईनं ते वाचलं आणि पदरानं पुसून परत माझ्या हातात दिलं.

जर्नलची तारीख बघितली, हरकतीला १९ दिवस उरलेत. लातूर किंवा संभाजीनगरला ट्रेडमार्कचं काम खरोखर करणारे वकील कुणाच्या माहितीत आहेत का? आणि ही कूपनं लॅमिनेट करू का, की आहेत तशीच ठेवू?