मदत हवी आहे: फिलाडेल्फियातल्या जुन्या रो-हाऊसमध्ये स्वयंपाकघराचा नळ गोठतोय

नमस्कार मंडळी,

आमचं साउथ फिलाडेल्फियात १९२० च्या आसपासचं विटांचं रो-हाऊस आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पण स्वयंपाकघर मागच्या एकमजली, पडवीसारख्या भागात. त्याच्याखाली तळघर नाही, जेमतेम दीड हात पोकळी. सिंकचे पाइप बाहेरच्या भिंतीतून वर येतात.

पाच हिवाळे काही झालं नाही. यंदा उजवीकडचं घर रिकामं आहे, तिथलं हीटिंग बंद, त्यामुळे ती भिंतही गारठते. परवा रात्री पारा १५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ९ सेल्सिअसपर्यंत उतरला. सकाळी आई चहाला पाणी घ्यायला गेली तर नळाला थेंब नाही! सिंकखाली टॉर्च मारला. तांब्याच्या पाइपच्या एल्बोवर (वळणाच्या जोडावर) पांढरं दव गोठलेलं. नळ उघडा ठेवला आणि हेअर ड्रायर नळाकडून मागे मागे नेला. पाऊण तासाने पाणी सुटलं. अजून गळती दिसत नाही.

खरी धास्ती वेगळीच आहे. तळघरात मीटरजवळचा जुना गोल चाकाचा व्हॉल्व्ह हलतच नाही. उद्या पाइप फुटला तर पाणी बंद कुठून करू? आणि पाइप आतल्या बाजूला घ्यावेत, की त्याच जागी पेक्स (लवचीक प्लास्टिकचा पाइप) टाकून भागेल?

प्रतिसाद:
आधी व्हॉल्व्ह. पान्हा लावून जोर करू नका, दांडा तुटला तर तळघरात तळं होईल. प्लंबर फुटपाथखालच्या व्हॉल्व्हवरून घराचं पाणी बंद करून बॉल व्हॉल्व्ह (दांडी पाव फेरा फिरवली की बंद होणारा) बसवेल. तोवर थंडीच्या रात्री गरम-थंड दोन्ही नळांची बारीक धार चालू ठेवा आणि सिंकखालची दारं उघडी. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो, पाइप फुटतो तो त्यामुळे. पेक्स थोडा ताणतो, पण आतलं पाणी गोठतंच. म्हणून पाइप आत घ्या. हीट टेप (पाइप गरम ठेवणारी विजेची पट्टी) लावलीत तर एकावर एक वेढे देऊ नका. आणि पोकळीत वारा कुठून शिरतो ते शोधा, आमच्या बाल्टिमोरच्या घरात सगळं दुखणं तिथेच होतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार! उदबत्ती लावून पाहिली. जुना पाइप काढलेल्या भोकापाशी धूर झपकन वळला. दोन बोटं जातील एवढं भोक आहे. आज तात्पुरतं बुजवलंय. व्हॉल्व्हसाठी प्लंबर गुरुवारी येतोय, पाइप आत घेण्याचा खर्चही त्यालाच विचारतो. तोवर दोन्ही नळ चालू.