आरटीईचे पैसे खासगी शाळेला की झेडपीला?

खडूवाला: आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा. त्याने खासगी शाळेला २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना फुकट द्याव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के जागांतून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याने निकाल बरोबरच. पण एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये सरकार खासगी शाळेला देणं लागतं, म्हणजे नाव न घेता व्हाउचरच झालं की, मूल जाईल त्या शाळेला सरकारी पैसा. ते पैसे आमच्याकडे का नकोत? मी झेडपीत आहे. दोन खोल्या, चार वर्ग, दोघे शिक्षक. सोबतचे गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले, की मी पहिलीला पाढे लिहायला बसवून चौथीचा भागाकार घेतो. त्यात मधेच खिचडीच्या तांदळाची नोंद.

हिशेबी: सर, तुमचा पट किती? आमच्या वाडीवरच्या शाळेत १४. दोघांचा पगार मिळून दीड लाख धरला, तरी एका पोरामागे महिन्याला दहा हजारांच्या वर गेले. खासगीवाला तेच वर्षाच्या १७,६७० मध्ये शिकवतो. पैसा पालकाच्या हातात द्या, शाळा कोणती ते तो बघेल.

खडूवाला: अहो, त्या वाडीवर खासगी शाळा आहे का? व्हॅन तरी येते का? जिथे दुकानच नाही तिथे कुपन घेऊन काय करायचं! पट कमी म्हणून खर्च जास्त दिसतो, आणि पट कमी का झाला तेही बघा.

संस्थाचालक: इथे सगळे धरून चाललेत की आम्हाला पैसे मिळतात. आमची तीन वर्षांची प्रतिपूर्ती थकली आहे. २५ टक्क्यांतल्या मुलांचा खर्च शेवटी बाकीच्या पालकांच्या फीमधून निघतो, आणि शिव्या आम्हालाच.

हिशेबी: मग तर माझंच म्हणणं खरं. पैसे सरळ पालकाच्या खात्यात टाका.

खडूवाला: चिलीने १९८१ पासून व्हाउचर चालवलं. शेवटी २०१५ मध्ये त्यांनाच कायदा करावा लागला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने नफा काढायचा नाही आणि मुलं निवडून घ्यायची नाहीत. उगाच नाही.

दोघींची आई: सर, राग मानू नका. चिली राहू द्या. माझ्या मोठीचा आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा मी शेजारणीला पेढा दिला. फी माफ, पण व्हॅन, गणवेश, वह्या-पुस्तकं आणि वर गॅदरिंगचे कपडे. मिस्टरांची रिक्षा आहे, कसंबसं निभावतो. झेडपीत पुस्तकं आणि गणवेश फुकट, हे मला कळतं. पण तुमची शाळा सुधारेपर्यंत माझी पोर सहा वर्षांचीच राहणार आहे का?

खडूवाला: ताई, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. धाकटीचं काय ठरलंय?

दोघींची आई: तिचा नंबर नाही लागला. जूनमध्ये पहिलीत घालायची आहे, झेडपी जवळच आहे. दोन्ही गुरुजी रोज वर्गात असतील, असं कोणी लिहून देईल का?

खडूवाला: नाही देता येणार. निवडणूक, जनगणना, आपत्तीची कामं त्याच आरटीई कायद्याच्या कलम २७ ने आमच्या गळ्यात ठेवली आहेत. तालुक्यावरून पत्र आलं, की निघावं लागतं.