मदत हवी आहे: जीवाश्म पुटी स्पिनिफेराइटिस प्रजातीची की अकोमोस्फेरा? काट्यांमधली कड दिसेना

निपाणीचा_भूशास्त्री:
नमस्कार मंडळी. बेळगावात एम.एस्सी. करतोय, प्रकल्प डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशीय सूक्ष्म जीवांच्या जीवाश्म पुट्यांवर (सुप्त पेशीभोवतीच्या कवचांवर) आहे. आपल्याकडं काळा बेसॉल्ट नाहीतर गोकाककडचा क्वार्टझाइट, त्यात या पुट्या कुठल्या मिळायला! म्हणून अभ्यासदौऱ्यात तमिळनाडूतल्या कराईची क्रेटेशस (डायनासोरांच्या शेवटच्या काळातली) चिकणमाती आणली. आम्लात खनिजं विरघळवून, चाळून स्लाइड केल्या.

एका पुटीवर चार दिवस अडकलोय. अंग गोलसर, 42 मायक्रॉन. काटे साधारण 14 मायक्रॉन, टोकाला तीन फाटे आणि प्रत्येक फाटा परत दुभंगलेला. मधोमध आडव्या खाचेची खूण आहे. खाचेच्या वरच्या ओळीतलं एक पट्ट (भिंतीचा तुकडा) निघून खिडकी पडलीय, म्हणजे आर्किओपाइल (पेशी बाहेर पडायची वाट). यावरून गोनिओलॅकेलीज गण धरला. पुढं स्पिनिफेराइटिस रॅमोसस म्हणावं, तर काट्यांना जोडणाऱ्या कडा दिसत नाहीत. फोटो जोडलाय. शनिवारी आमच्या सरांना दाखवायचंय. काय बघू?

घटप्रभाकाठ:
गण बरोबर धरलाय. पण आर्किओपाइलवर निकाल लावू नका, दोन्ही प्रजातींत (जीनसमध्ये) तो तसाच, आडव्या खाचेच्या वरच्या तिसऱ्या पट्टाचा असतो. फरक कडांचाच. स्पिनिफेराइटिसमध्ये पट्टांच्या शिवणीवर कडा उठलेल्या असतात. अकोमोस्फेरात काटे शिवणीवरच, पण कडा नसतात किंवा अगदी पुसट. फोटो एकाच फोकसवर काढलाय का? कड बुटकी असते, वरून बघितली की भिंतीत मिसळून जाते. फोकस सावकाश खालीवर करा, बाहेरच्या रेषेवर दोन काट्यांच्या मधे बघा.

खानापूरचे_सर:
बाळ, नमुना उरला असेल तर थोडा सॅफ्रानिन या लाल रंगाने रंगव आणि ग्लिसरीनमध्ये कच्ची स्लाइड कर. काचेला हलका धक्का दिलास की पुटी लोळते, सगळ्या बाजू दिसतात. पक्क्या स्लाइडवर हे जमत नाही. काटे पट्टाच्या मध्यावर नाहीत ना, हेही बघून ठेव. मध्यावर असले तर प्रजाती भलतीच. आणि वहीत 'जीव' लिहू नकोस, 'पुटी' लिही. पोहणारी पेशी खडकात सहसा टिकत नाही, टिकतं ते हे कवच. जर्मन शास्त्रज्ञ एरनबर्गला 1830 च्या दशकात चकमकीच्या दगडात अशीच काटेरी गोलकं दिसली होती. ती डायनोफ्लॅजेलेटच्या पुट्या आहेत हे अमेरिकी अभ्यासक इविटने 1961 साली दाखवलं. मधली सव्वाशे वर्षं गोंधळात गेली, तुझे चार दिवस काहीच नाहीत.

निपाणीचा_भूशास्त्री:
सर, कच्ची स्लाइड केली. पुटी लोळली आणि आर्किओपाइलच्या बाजूला दोन काट्यांमधे बुटकी कड दिसली, आडव्या खाचेजवळ तर अगदी स्पष्ट. काटेही शिवणीवरच आहेत. दुसऱ्या टोकाला मात्र अजून काही दिसत नाही. एवढ्यावर स्पिनिफेराइटिस लिहू, की आणखी दहा पुट्या बघून मग लिहू?

खानापूरचे_सर:
दहा बघ. स्पिनिफेराइटिस ही प्रजाती आत्ता लिही, रॅमोसस ही जात पेन्सिलीने.